मेंढपाळाची प्रीती

प्रेमावर लिहिलेल्या कादंबऱ्या जगात उदंड आहेत. परंतु मेंढ्यांच्या पोटफुगीवर आख्खे प्रकरण खर्ची घालणारी, आणि त्याच प्रकरणातून दोन माणसांच्या मनांचा उलगडा करणारी कादंबरी आमच्या वाचनात एकच आली आहे. ती म्हणजे टॉमस हार्डी ह्या इंग्रज लेखकाची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’. नावाचा अर्थ ‘उन्मत्त गर्दीपासून दूर’ असा. टॉमस ग्रे ह्या कवीने खेड्यातील दफनभूमीवर जी प्रसिद्ध विलापिका रचली, तिच्यातून हार्डीने हे शब्द उचलले. कॉलेजात इंग्रजी शिकणारी मुले हार्डीचे नाव परीक्षेपुरते जाणतात. ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत आणि खळ्यात गंजी उभी आहे, अशा आमच्या वाचकांना मात्र ही कथा त्या मुलांपेक्षा चार गोष्टी अधिक सांगेल, असे आम्हांस वाटते.

हार्डीचा जन्म २ जून १८४० रोजी दक्षिण इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, हायर बॉकहॅम्प्टन नावाच्या वाडीवर झाला. बाप गवंडी, पुढे लहानसहान बांधकामे घेऊ लागलेला. मुलगा इमारतीचे नकाशे काढण्यास शिकला, लंडनला जाऊन आला आणि अखेर लेखणीकडे वळला. ही कादंबरी त्याने मुख्यतः बापाच्या घरी राहून लिहिली. शेतावनात हिंडताना एखादी कल्पना सुचली आणि जवळ कागद नसला, तर वाळलेल्या मोठ्या पानांवर, लाकूडतोड्यांनी टाकलेल्या ढलप्यांवर किंवा पाटीच्या तुकड्यावर तो ती लिहून ठेवी. १८७४ सालच्या जानेवारीपासून ‘कॉर्नहिल मॅगझिन’ ह्या लंडनच्या मासिकात कथा क्रमशः येऊ लागली, ती लेखकाच्या नावाशिवाय. त्या वेळच्या एका टीकाकाराने तर ही जॉर्ज इलियट ह्या थोर लेखिकेचीच कृती असावी, असा तर्क केला. मासिकाचे संपादक लेस्ली स्टीफन हे सावध गृहस्थ होते. मासिक घराघरांत वाचले जाते, तेव्हा फसवल्या गेलेल्या मुलीचा प्रसंग जपून हाताळा, अशी सूचना त्यांनी लेखकाला केली होती. संपादकाच्या खुर्चीची ही अडचण आम्ही समजू शकतो.

आता कथेकडे वळू.

गॅब्रिएल ओक हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. पूर्वी दुसऱ्याच्या चाकरीत होता. काटकसरीने पैसा जमवून आणि वर कर्ज काढून त्याने दोनशे मेंढ्या घेतल्या आहेत. त्याच्या खिशात आज्याच्याही आधीचे एक घड्याळ आहे. त्याचा तासकाटा सैल झाल्यामुळे मिनिटे बरोबर कळतात, पण तास कोणता ते कळत नाही! मग हा गडी रात्री आकाशातील तारे पाहून वेळ ओळखतो. अशा ह्या ओकच्या रानाजवळ बथशेबा एव्हरडीन नावाची मुलगी आपल्या मावशीकडे राहावयास येते. बायबल वाचणाऱ्यांना हे नाव नवे नाही. दावीद राजाच्या गोष्टीतील तीच ही बथशेबा, आणि नावाला साजेल असे रूपही तिला आहे. ओक तिला प्रथम पाहतो तेव्हा सामानाने भरलेल्या गाडीवर बसून, आजूबाजूला कोणी नाही असे समजून, ती आरशात आपलाच मुखडा न्याहाळीत असते. पुढे नाक्यावर दोन पेन्सांसाठी तंटा होतो. ओक ते दोन पेन्स आपल्या खिशातून देतो, आणि ही बाई त्याचे आभारही मानीत नाही.

एके रात्री मेंढपाळाच्या झोपडीत शेगडी पेटलेली आणि वाऱ्याची झडप बंद राहिलेली, त्यामुळे ओक धुराने गुदमरतो. बथशेबा त्याला वाचवते. लौकरच तो मागणी घालावयास जातो. मागणीची त्याची रीत आम्हांला फार गोड वाटते. तो तिला पियानो देऊ करतो, बाजारात जाण्यास लहानशी घोडागाडी देऊ करतो, काकडीचा वाफा देऊ करतो, लग्नाची बातमी वर्तमानपत्रात छापण्याचे कबूल करतो. आणि शेवटी सांगतो की, संध्याकाळी चुलीजवळ दोघे बसू आणि मान वर करताच एकमेकांस दिसू. पोरीला ह्या शेवटच्याच गोष्टीचा धाक वाटतो. लग्नाचा थाट तिला हवा आहे, पण मान वर केली की समोर नवरा, हे नको आहे. ती सरळ सांगते की तिचे त्याच्यावर प्रेम नाही.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत ओकवर आकाश कोसळते. त्याचा एक अननुभवी कुत्रा मेंढ्यांना धावडवीत धावडवीत चुनखडीच्या खाणीच्या कड्यापर्यंत नेतो आणि सारा कळप खाली पडून मरतो. विमा उतरलेला नव्हता. ओकच्या मनात प्रथम आली ती त्या मुक्या, गाभण्या मेंढ्यांची कीव. त्यानंतर त्याला वाटले की, आपले लग्न झाले नाही हे किती बरे. नाहीतर ह्या दारिद्र्यात तिचे काय झाले असते? हे वाक्य आम्ही वाचले तेव्हा पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. नकार देऊन गेलेल्या मुलीच्या हालांची काळजी स्वतःच्या सर्वनाशाच्या घटकेस करणारा हा मनुष्य आहे. जे काही उरले ते विकून तो सावकाराची पै न् पै फेडतो. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्याजवळ काही राहत नाही.

फेब्रुवारी महिन्यात कॅस्टरब्रिज गावी, म्हणजे खऱ्या डॉर्चेस्टर शहरी, मजुरांचा बाजार भरत असे. दोन-तीनशे गडी रस्त्यावर उभे राहत आणि जो तो आपल्या धंद्याची खूण अंगावर बाळगी. गाडीवानाच्या टोपीत चाबकाची दोरी, घरे शाकारणाऱ्याच्या टोपीत गवताची काडी, मेंढपाळाच्या हातात आकडा असलेली काठी. ओक प्रथम कारभाऱ्याच्या जागेसाठी उभा राहतो. कोणी विचारीत नाही. तेव्हा काठी करून घेतो, अंगातला चांगला कोट देऊन मेंढपाळाचा अंगरखा घेतो. तरी कोणी विचारीत नाही. शेवटी बासरी वाजवून चार पैसे मिळवतो. त्याच रात्री वाटेत एका शेतातील गंजीला आग लागलेली पाहून तो मदतीस धावतो, गावकऱ्यांस कामाला लावतो आणि पीक वाचवतो. बुरखा घेतलेली मालकीण घोड्यावरून येते. मेंढपाळ हवा आहे काय, असे तो अदबीने विचारतो. बुरखा वर होतो, तो समोर बथशेबा! चुलत्याच्या मागे वेदरबरीचा हा खंडाचा मळा तिच्याकडे आलेला असतो.

येथून खरी कथा सुरू होते. बथशेबा चोरी करणाऱ्या कारभाऱ्याला हाकलून देते आणि स्वतःच कारभार पाहू लागते. धान्याच्या बाजारात शेकडो पुरुषांमध्ये ती एकटी स्त्री; हातातल्या दाण्यांचा नमुना दाखवून भाव ठरवते आणि ठरल्या भावाला चिकटून राहते. ओक तिचा चाकर आहे. एके काळी ज्या मुलीला त्याने मागणी घातली, तिच्याच मेंढ्या तो राखतो, तिच्याच हातून पगार घेतो. येथे आमचे काही वाचक म्हणतील की हा मनुष्य लाचार आहे. तसे नाही. बथशेबाने गमतीखातर एका पोक्त शेजारी शेतकऱ्याला, बोल्डवुडला, ‘माझ्याशी लग्न करा’ अशी मोहोर उठवलेले व्हॅलेंटाइनचे पत्र धाडले. कोणाला धाडावे ते तिने प्रार्थनागीतांचे पुस्तक वर फेकून ठरवले होते! बिचारा बोल्डवुड ते खरे मानून वेडापिसा झाला. ह्याविषयी ओकचे मत तिने विचारले तेव्हा, हे तुम्हांला शोभले नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. तिने त्याला तत्काळ कामावरून काढले आणि तोही शांतपणे निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी तिच्या मेंढ्या कुंपण मोडून कोवळ्या क्लोव्हर गवतात शिरल्या. ओला, कोवळा चारा अधाशीपणे खाल्ला की जनावराचे पोट वायूने नगाऱ्यासारखे फुगते, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. कादंबरीत त्यावर उपाय एकच, डाव्या कुशीत नेमक्या जागी नळीची सुई खुपसून वायू बाहेर काढणे. जागा चुकली की जनावर गेले. आणि ती जागा अचूक जाणणारा सबंध मुलखात ओकच होता. बथशेबाने प्रथम हुकूम पाठवला. उत्तर आले की, बाईंनी स्वतः सभ्यपणे विनंती केल्याशिवाय तो यावयाचा नाही. ती रागाने रडली. इतक्यात आणखी एक मेंढी कोसळली. तेव्हा तिने चिठ्ठी लिहिली आणि खाली, मला सोडून जाऊ नका, अशा अर्थाचे शब्द घातले. ओक आला. सत्तावन्न मेंढ्यांपैकी चार आधीच मेल्या होत्या, तीन आपोआप बऱ्या झाल्या. उरलेल्या पन्नासांवर त्याने सुई चालवली, त्यांतली एकच दगावली. काम संपल्यावर बथशेबाने हसून विचारले, राहाल ना? तो राहिला. अभिमान आणि निष्ठा एकाच माणसात कशी नांदतात, ते हार्डीने ह्या ठिकाणी जसे दाखवले आहे तसे इतरत्र क्वचितच आढळेल.

मेंढीचे पिलू मेले तर ओक त्याचे कातडे काढून दुसऱ्या जुळ्यांपैकी एकाच्या अंगावर बांधतो, म्हणजे आई वास ओळखून त्याला पाजते. असल्या बारीकसारीक गोष्टी पुस्तकभर विखुरल्या आहेत. लोकर कातरण्याच्या त्या मोठ्या कोठाराचे वर्णनही मुळातूनच वाचावे. चारशे वर्षांपूर्वीची ती इमारत ज्या कामासाठी बांधली, त्याच कामाला अजून येते आहे, ह्याचे हार्डीला कोण कौतुक!

अशा ह्या श्रमाच्या जगात सार्जंट ट्रॉय येतो. लाल गणवेश, गोड जीभ आणि हाताला काम माहीत नाही. नेच्यांच्या दाट झाडीत तो बथशेबाभोवती तलवारीचे हात फिरवून दाखवतो, तिच्या केसांची एक बट अलगद उडवतो आणि पोरगी भान विसरते. ओकने सावध केले, ते तिने मानले नाही. ती बाथ शहरी गेली ती खरे तर त्याचा संबंध तोडण्यासाठी. परंतु तुझ्याहून देखणी स्त्री आज मी पाहिली, असे ट्रॉयने म्हणताच मत्सराने आणि गोंधळून तिने तेथेच त्याच्याशी लग्न लावले. ना गावाला कळले, ना नातलगांना. पोटच्या मुलीचे लग्न ठरवताना घरचे चार जण चार ठिकाणी चौकशी करतात, त्याचा तरुण मंडळींना कंटाळा येतो खरा. बथशेबाच्या बाबतीत चौकशी करणारे कोणीच नव्हते. होता तो एक चाकर, आणि त्याचे ऐकावे असे तिला वाटले नाही.

ह्या लग्नात केवळ मन गुंतलेले नव्हते, मळाही गुंतला होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाह होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. १८७० च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्या हाती राहू लागली, आणि मालमत्तेवर तिचा स्वतंत्र हक्क मान्य होण्यास १८८२ साल उजाडावे लागले. म्हणून ट्रॉय घोड्यांच्या शर्यतींत एका महिन्यात शंभराहून अधिक पौंड उडवतो आणि बथशेबाला फक्त विनवण्या करता येतात.

पीक घरात आल्याच्या आनंदात ट्रॉयने गड्यांना रात्री कोठारात मेजवानी दिली. तेवढ्यात ओकला चिन्हे दिसू लागली. वाटेत पायाला बेडूक लागला. घरात गोगलगाय सरपटत होती. छपरावरून कोळी खाली उतरले. रानात मेंढ्या एकवटून वादळाच्या दिशेकडे शेपट्या करून उभ्या. त्याने निरोप पाठवला. ट्रॉयने, पाऊस येणार नाही, म्हणून तो उडवून लावला, बायकामुलांना घरी पाठवले आणि पुरुषांना ब्रँडी पाजली. ओक कोठारात गेला तेव्हा सारे गडी, मालकासह, बेशुद्ध पडलेले. बाहेर आठ गंज्या उघड्या. पाच गव्हाच्या, तीन जवाच्या. किंमत साडेसातशे पौंड. ओक एकटाच वर चढला. विजा कडाडत होत्या. त्याने साखळी लावून गंजीवरच विजेचा मार्ग केला आणि शाकारू लागला. थोड्या वेळाने अंधारात एक आकृती पेंढ्या वाहून देऊ लागली. ती बथशेबा होती. त्या रात्री, गंजीवर, एका विजेच्या आणि दुसऱ्या विजेच्या मध्ये, तिने बाथच्या लग्नाची हकिकत ओकला सांगितली. दमलेली पाहून त्याने तिला घरी पाठवले आणि पाऊस सुरू झाल्यावरही एकटा काम करीत राहिला. सकाळी बोल्डवुड भेटला. प्रेमभंगाने त्याचे डोके असे फिरले होते की आपल्या गंज्या झाकावयाच्या आहेत हेच तो विसरला. शेतकऱ्याच्या दुःखाचे माप ह्यापेक्षा नेमके कोणी घेतले असेल असे आम्हांस वाटत नाही.

ट्रॉयने पूर्वी ज्या मुलीला वचन दिले होते, त्या फॅनी रॉबिनची गोष्ट सांगणे आम्हांला जड जाते. ती बथशेबाच्याच घरची मोलकरीण. लग्नाच्या दिवशी ट्रॉय एका चर्चमध्ये वाट पाहत राहिला आणि ही नावांच्या घोटाळ्यात दुसऱ्या चर्चच्या दाराशी उभी राहिली. उशीर झाला, बघ्या बाया हसल्या, ह्याचा अहंकार दुखावला आणि त्याने पुन्हा दिवस नेमला नाही. पुढे ती गरोदर, आजारी, एकटी, रात्रीच्या वेळी कॅस्टरब्रिजच्या वर्कहाउसकडे, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहाकडे, चालत निघाली. १८३४ च्या कायद्यापासून इंग्लंडात गरिबाला ह्याच दाराशी जावे लागे. मैलाचे दगड मोजीत, काठ्यांच्या कुबड्या करून, शेवटी एका भटक्या कुत्र्याच्या पाठीवर भार टाकून ती दारापर्यंत पोहोचली. तिला आत घेतल्यावर तिने कुत्रा कोठे आहे असे विचारले. दारावरच्या माणसाने सांगितले की, त्याला दगड मारून हाकलले.

तिचे शव वेदरबरीला आणण्यास जोसेफ पुअरग्रास गेला. हा भित्रा, लाजाळू, धर्मभोळा गडी पुस्तकभर आपल्याला हसवतो. परंतु धुक्याने घाबरून तो वाटेतल्या गुत्त्यात शिरला, मित्र भेटले, आणि शवपेटी बाहेर गाडीवर ओली होत राहिली. त्यामुळे दफन दुसऱ्या दिवसावर गेले. त्यामुळे पेटी रात्रभर बथशेबाच्या घरी राहिली. पेटीच्या झाकणावर खडूने नाव आणि ‘मूलही’ असे लिहिले होते. ओकने शेवटचे शब्द हळूच पुसून टाकले होते, बथशेबाला वेदना होऊ नयेत म्हणून. तरी मध्यरात्री तिने पेटी उघडलीच. आत मायलेकरू. ट्रॉय आला, त्याने मृत फॅनीचे चुंबन घेतले आणि जिवंत बायकोला सांगितले की, तू माझी कोणीच नव्हेस. हसऱ्या, भोळ्या खेडुतांचे कौतुक करणाऱ्या लेखकाने त्यांच्याच दारूपायी हे घडताना दाखवले, म्हणून आम्ही त्याला प्रामाणिक म्हणतो. गर्दीपासून दूर राहणारी माणसे तेवढ्यावरून निष्पाप ठरत नाहीत.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. तो आम्हांला किंचित नाटकीही वाटतो. ट्रॉय समुद्रात बुडाला असे सर्वांनी मानले. बोल्डवुडने बथशेबाच्या मागे लागून, सहा वर्षांनी का होईना, लग्नाचे वचन तिच्याकडून काढले. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या घरच्या समारंभात ट्रॉय अवचित उगवला आणि बोल्डवुडने त्याला गोळी घातली. फाशी टळली, महाराणीच्या मर्जीपर्यंतची कैद मिळाली. मागाहून त्याच्या घरात बायकांची किमती वस्त्रे व दागिने सापडले. प्रत्येक पुडक्यावर ‘बथशेबा बोल्डवुड’ हे नाव आणि सहा वर्षे पुढची तारीख. एका पोरकट पत्राची ही किंमत! बथशेबाने ट्रॉयला फॅनीशेजारीच पुरले. ह्यात तिचे मोठेपण आहे.

मग ओकने कामावरून जाण्याची सूचना दिली. कॅलिफोर्नियास जाण्याचा त्याचा विचार होता. तेव्हा बथशेबाला प्रथमच कळले की ह्या माणसावाचून आपले चालावयाचे नाही. तीच त्याच्या झोपडीवर गेली. पहिल्या मागणीला ओक तिच्या मावशीच्या दारी गेला होता, ह्या वेळी मालकीण चाकराच्या दारी आली. येथे हार्डी थोडा थांबून आपले मत सांगतो. स्त्रीपुरुष बहुधा मौजेच्या वेळी भेटतात, कामाच्या वेळी नव्हे. म्हणून एकमेकांचे खडतर रूप आधी पाहून मग जडलेली प्रीती दुर्मिळ असते. हे लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे त्या आठ गंज्या असाव्यात.

कादंबरी मासिकात चालू असतानाच, १७ सप्टेंबर १८७४ रोजी, हार्डीने एमा गिफर्डशी लग्न केले. त्यांचा संसार पुढे कडवट झाला, आणि १९१२ मध्ये ती वारल्यावर हार्डीने तिच्या आठवणीने जी शोकगीते लिहिली ती इंग्रजीत अमर झाली. ओकला जे पुस्तकात साधले ते त्याच्या निर्मात्याला साधले नाही. १९२८ च्या जानेवारीत हार्डी निवर्तला तेव्हा त्याची रक्षा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत ठेवली गेली, परंतु हृदय मात्र स्टिन्सफर्डच्या खेड्यातील दफनभूमीत, एमाच्या थडग्यात पुरण्यात आले. कादंबरीवर १९६७ साली आणि पुन्हा २०१५ साली चित्रपट निघाले. ते ज्यांनी पाहिले असतील त्यांनीही पुस्तक वाचावे. पडद्यावर पुअरग्रास पुरता मावत नाही.

ओक आणि बथशेबाचे लग्न अगदी साधे, गाजावाजा न करता झाले. सकाळी धुके होते, रस्ता ओला होता. दोघे छत्र्या घेऊन, भरपूर कपडे गुंडाळून, चर्चला चालत गेली. संध्याकाळी चहाला बसली असता अंगणात अचानक बार उडाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी वाद्ये घेऊन गावकरी वाजवू लागले. कोणी नव्या नवऱ्याच्या ‘माझी बायको’ म्हणण्याची थट्टा केली. पुअरग्रासने सुस्कारा टाकून, ह्याहूनही वाईट होऊ शकले असते, तेव्हा देवाचे आभार, अशा अर्थाचे काहीसे सांगितले. ओक हसला. बथशेबा नुसती स्मित करून राहिली, कारण मोठ्याने हसण्याची तिची सवय आता गेली होती. आणि मंडळी आपापल्या घरी निघाली.